जीभ लावलेलं बी

सलग तिसऱ्या वर्षी मालनबाईंच्या मांडवावर एकही भोपळा कडू निघाला नव्हता, आणि ही गोष्ट भेकरवाडीत कुणाच्या कानावर पडायची राहू नये याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. चक्कीवर दळण टाकताना, एसटीच्या थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत, जिथे दोन बायका भेटतील तिथे त्या विषय काढायच्याच. “आमच्या घागऱ्याला आता वानरंसुदिक शिवत न्हाईत,” त्या सांगायच्या. “देवाची राखण हाय म्हना की!”

घागऱ्या म्हणजे त्यांचा दुधी. खाली घागरीसारखा गरगरीत, वर मानेला बारीक, आणि शिजला की लोण्यासारखा मऊ. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं बी मालनबाईंच्या ओच्यात घातलं होतं. तेव्हापासून दर साली दहा-बारा जून भोपळ्यांचं बी काढायचं, शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापायचं आणि आखितीला आळी करून लावायचं, हे त्यांनी चुकवलं नव्हतं. त्यांच्या फोनवर ‘घागऱ्या परिवार’ नावाचा गट होता आणि त्यात चारशे बारा घरं होती. कोकणातली होती, विदर्भातली होती, एक तर थेट कर्नाटकातली होती.

बी विकायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक होता. जिनं घेतलं तिनं पुढच्या साली आणखी दोघींना द्यायचं, की झाली फेड. दुसरा दंडक जिभेचा. भोपळा कोवळा असताना देठाजवळ नखानं ओरखडा काढायचा आणि बोटावर आलेला रस जिभेला लावायचा. गोड लागला तर देठाला लाल दोरा बांधून तो बियाला राखायचा. कडू लागला तर तोंड धुवायचं आणि तो वेल मुळासकट उपटून बांधापलीकडे फेकायचा. कारण ओढ्याकाठी रानभोपळ्याचे वेल माजलेले असत. भोपळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पाकोळ्या या फुलावरून त्या फुलावर जातात आणि त्यांना परकं-आपलं काही कळत नाही. दर साली वीसात एखादा वेल कडू निघायचाच. म्हणून बी घेणारी पहिला प्रश्न विचारायची, “जीभ लावलीय का?” देणारी म्हणायची, “लावलीय.” त्यापुढे ना पावती, ना शिक्का. मालनबाईंची जीभ हाच शिक्का होता आणि चारशे बारा घरांना तो पुरत होता.

ऋषिपंचमीच्या दुपारी त्या अंगणात गौरीसाठी पत्री निवडत बसल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. त्यांची धाकटी बहीण छबू नदीपलीकडच्या सोनवड्यात राहायची. फोनवर छबूची सून ऋतुजा होती, आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

“मावशी, आत्यांना दवाखान्यात आणलंय. उलट्या थांबत नाहीत. रक्त पडतंय, मावशी, रक्त!”

“आगं, काय खाल्लं तिनं?”

“काही नाही हो. ऋषीची भाजी खाल्ली उपासाला. आपल्याच परसातली. तुमच्या घागऱ्याची.”

*

तालुक्याच्या दवाखान्यात छबूला पडद्यामागे ठेवलं होतं. तिच्या मनगटावरच्या पट्टीतून निघालेले आकडे भिंतीवरच्या पडद्यावर सरकत होते आणि ते आकडे पाहून नर्स पळत होत्या. छबूचा चेहरा राखेसारखा झाला होता. मालनबाईंना बघून तिनं हात हलवला.

“अक्का,” ती कसंबसं म्हणाली, “पयल्याच घासाला मळमळलं बग. म्हटलं, माझंच कायतरी बिनसलंय. अक्काचं बी, जीभ लावलेलं. ताट पुसून खाल्लं मी.”

मालनबाईंना वाटलं, कुणीतरी भर लोकांत आपल्या थोबाडीत मारली. त्यांनी छबूचा पाय धरला. तो थंडगार होता.

डॉक्टर नायकवडी वयानं ऋतुजाएवढीच होती. तिनं मालनबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वतः समोर उकिडवी बसली आणि विचारलं, “मावशी, भाजी कडू होती का?”

“न्हाई. छबू बोलली न्हाई तसं. कडू आसती तर तिनं खाल्ली आसती का?”

“तुमच्या बहिणीनं गोड सुई घेतलीये ना?”

“आता कुनी घेतली न्हाई?”

ते मात्र खरं होतं. चार वर्षांपूर्वी ती सुई आली आणि सगळा मुलूख कारल्यावर तुटून पडला. एकदा दंडात टोचली की जन्माचं काम. जिभेवर कडू चव ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींतच ती बदल करायची, त्यामुळे जीभ कितीही नवी झाली तरी कारल्या-मेथीचा कडूपणा परत यायचा नाही. कारलं पडवळासारखं लागू लागलं. पोरं काढा मागून प्यायला लागली. म्हातारी माणसं मेथीची पानं गाजरासारखी चावून खाऊ लागली आणि गावोगावची साखरेची दुखणी निम्म्यावर आली. बारा वर्षांखालची मुलं सोडली तर शाळेच्या पटांगणातल्या शिबिरात सगळ्यांनी बाह्या वर केल्या होत्या. मालनबाईंनीही केली होती, पण विचारून.

“मी इचारलं होतं त्या नर्सबाईला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, माजं काम जिभेचं हाय. तिनं कागद वाचून दावला. जिभंवर कडूच्या पंचवीस घंटा आस्त्यात, त्यातल्या खान्याच्या तेवढ्या चार बंद करनार. इषाच्या घंटा तशाच ऱ्हानार.”

डॉक्टरनं मान हलवली. “कागदात तसंच लिहिलंय. मीही तेच वाचून लोकांना सांगितलं. पण मावशी, जिभेला खाण्याचं कडू आणि विषाचं कडू असं वेगळं कळत नाही. तिला फक्त रसायन कळतं. कारलं, काकडी, दुधी ही सगळी एका कुळातली. कारल्यातलं कडू द्रव्य आणि कडू दुधीतलं विष ही चुलतभावंडं आहेत. एकच घंटा दोघांना वाजते. त्यांनी कारल्याची घंटा बंद केली, आणि भोपळ्याचीही तीच होती.”

मालनबाईंनी बोट जिभेवर ठेवून बघितलं.

“कडू दुधी माणसाला मारू शकतो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. “पोटाचं आतलं अस्तर सोलून निघतं, रक्तदाब खाली जातो. आजवर सहसा तसं होत नव्हतं, कारण कडू दुधीचा घास माणूस थुंकून टाकायचा. आता कुणी थुंकत नाही. या महिन्यातली ही माझी तिसरी पेशंट. पहिल्या दोघींच्या वेळी मला सुचलंच नाही विचारायचं.”

“पन मला कडुलिंब कडू लागतो!” मालनबाई ओरडल्याच. बाकावरची माणसं वळून बघू लागली. “दर पाडव्याला मी पानं चावून बगते. घशापत्तुर कडू लागत्यात. म्हनून तर मी...”

“कडुलिंबाची घंटा वेगळी आहे, मावशी. त्याचं कूळच वेगळं.”

त्या पाडव्याचं सारं मालनबाईंना आठवलं. सुई घेतल्यानंतरचा तो पहिला पाडवा. गुढीखाली उभं राहून त्यांनी कडुलिंबाची पाच पानं तोंडात टाकली होती, तोंड वाकडं झालं होतं आणि आनंदानं डोळ्यांत पाणी आलं होतं. जीभ शाबूत आहे, म्हणून त्यांनी देवापुढे पेढा ठेवला होता. एवढ्या वेलांमध्ये जन्म गेला, कारलं आणि भोपळा एकाच मांडवावर चढवले, दोघांची पानं, दोघांचे ताणे हाताखालून गेले, आणि जीभ तपासायला त्यांनी झाड निवडलं ते कडुलिंबाचं! पाडव्याला कडू म्हणजे कडुलिंब, एवढंच त्यांना माहीत होतं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाली की छबू वाचेल. मालनबाई तिच्या पायाला हात लावायला वाकल्या तेव्हा ती मागे सरकली. “ते राहू द्या. ज्यांना बी दिलंय त्यांना आजच्या आज कळवा. नमुने मी तपासायला पाठवलेत, पण निकालाला आठ दिवस लागतील. तुमच्यात सुई न घेतलेलं कुणी मोठं माणूस आहे? नुसता जिभेच्या टोकाला स्पर्श, गिळायचं नाही, लगेच चूळ भरायची. लहान मुलांच्या जिभेवर विष ठेवा असं मात्र मी सांगणार नाही.”

जीपमध्ये मालनबाई खिडकीशी बसल्या. घाटातल्या वळणावर कठड्यावर वानरांचा कळप बसला होता. एक मादी कुणाच्या तरी परसातल्या काकड्या खात होती. तिनं एक चावली, पुढची हुंगली आणि फेकून दिली. तिसरी उचलली.

तीन वर्षं वानरांनी घागऱ्याला तोंड लावलं नव्हतं. तीन वर्षं फळमाशीनं त्याला टोचलं नव्हतं. आणि मालनबाई बियाला भोपळा कुठला राखायच्या? जो डागाळलेला नाही, जो किडलेला नाही, ज्याला वानराची नखं लागलेली नाहीत. सगळ्यांत देखणा. आधी अशा देखण्या भोपळ्यांना जिभेची चाळणी होती. देखणा पण कडू असला की तो जायचा. चाळणी गेली आणि देखणेपणा तेवढा उरला. वानरांनी, माशांनी आपापल्या जिभा लावून जे जे नाकारलं, ते ते त्यांनी वेचून वेचून लाल दोरा बांधून जपलं होतं. कडू भोपळे नकळत राहून गेले असते तरी एक वेळ समजलं असतं. त्यांनी तर तेच निवडले होते. देवाची राखण, असं त्या गावभर सांगत सुटल्या होत्या.

त्यांना जीपमध्येच हुंदका फुटला. शेजारच्या बाईनं विचारलं, “कुनी गेलं का वो?”

*

भेकरवाडीत सुई न घेतलेलं एकच मोठं माणूस होतं, आणि त्या माणसाशी मालनबाई चार वर्षं बोलत नव्हत्या. ती त्यांची थोरली जाऊ, गोजराबाई. घराला घर लागून, मधे फक्त निवडुंगाचं कुंपण. सुईच्या शिबिराहून मालनबाई परतल्या तेव्हा गोजराबाई या कुंपणापाशीच उभ्या होत्या. “टोचून आलीस नव्हं?” त्या म्हणाल्या होत्या. “मग आता बी वाटू नगंस.” मालनबाईंना ते फार लागलं. सासूबाईंनी बी धाकटीच्या ओच्यात घातलं, थोरलीच्या नाही, त्याचा राग म्हातारी इतक्या वर्षांनी काढतेय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तेव्हापासून हळदीकुंकवालाही त्या तिकडची पायरी चढल्या नव्हत्या.

आज त्यांनी दोरा बांधलेले अकराच्या अकरा भोपळे उतरवले, पाटीत घातले आणि कुंपणाला वळसा घालून पाटी गोजराबाईंच्या ओट्यावर ठेवली.

गोजराबाई चष्मा लावून वाती वळत होत्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग जावेच्या तोंडाकडे पाहिलं. “छबू कशी हाय?” त्यांनी विचारलं.

“वाचली.”

“मग रडतीस कशापायी?”

“जाऊबाई,” मालनबाई म्हणाल्या, आणि चार वर्षांत तोंडात न आलेला तो शब्द त्यांना जड गेला, “माजी जीब मेलीया. तुमी म्हनत होता ते खरं होतं. तुमची लावून द्या.”

गोजराबाईंनी वाती खाली ठेवल्या. टोमणा मारतील, असं मालनबाईंना वाटलं. मारला असता तर बरं वाटलं असतं. पण गोजराबाईंनी नुसतं पाणी आणायला सांगितलं, पदरानं तोंड पुसलं आणि पहिला भोपळा मांडीवर घेतला. साल जून झाली होती, म्हणून देठाजवळ विळीनं टवका काढला, बोट ओलं केलं आणि ते जिभेच्या टोकाला टेकवलं न टेकवलं तोच त्यांचं सगळं अंग शहारलं. त्या ओट्याच्या कडेला जाऊन थुंकल्या, चूळ भरली, परत थुंकल्या.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “हे काय कडू म्हनायचं? हे त्याच्या पल्याडचं हाय!”

“दुसरा बगा.”

दुसरा तसाच. तिसरा तसाच. दर भोपळ्यागणिक गोजराबाईंचा चेहरा उतरत गेला आणि तांब्यामागून तांब्या पाणी लागलं. सहाव्या भोपळ्याला मालनबाई म्हणाल्या, “पुरं करा, जाऊबाई.” पण त्या ऐकेनात. अकरा भोपळ्यांत एकच गोड निघाला. तो देठाशी खरचटलेला होता. एका लहानशा वानरानं एकदा त्याला नख लावलं होतं आणि मालनबाईंनी दगड भिरकावून त्याला हाकललं होतं. जागा भरून आली, म्हणून त्यांनी त्याला आढेवेढे घेत दोरा बांधला होता.

बाकीचे दहा भोपळे ओट्यावर पडले होते. एकाहून एक देखणे. अशाच भोपळ्यांचं बी तीन साल चारशे बारा घरांत गेलं होतं. आणि तेवढ्यावर थांबलं कुठं होतं? सासूबाईंचा दंडक होताच. एकीनं दोघींना. त्या दोघींनी आणखी चौघींना. मालनबाई ओट्याच्या पायरीवर बसून बोटांवर मोजू लागल्या आणि दुसऱ्या सालापाशीच त्यांची बोटं थांबली. पुढची माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. कुठल्या कुठल्या परसात, कुठल्या कुठल्या मांडवावर भादव्याचं ऊन खात ते भोपळे लोंबत असतील, आणि प्रत्येक घरात कुणीतरी सुनेला सांगत असेल की मालनकाकूचं बी आहे, जीभ लावलेलं आहे.

“सांग समद्यांना,” गोजराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.

“काय सांगू? तीन साल खोटं बोलत होते म्हनून?”

“खोटं कुठं? जीब तू लावलीसच की. फकस्त ती तुजी ऱ्हायली नव्हती.”

मालनबाईंनी फोन काढला. गटावर त्या नेहमी हसत बोलायच्या, मागे कोंबड्यांचा आवाज यायचा, बायका त्यावर थट्टा करायच्या. आज त्यांनी तीनदा बोलून पुसलं. चौथ्यांदा बोलल्या तेवढं ठेवलं.

“बायांनो, मी मालन बोलतीया. घागऱ्या खाऊ नका. वेल उपटा. बी जाळा. ज्यांना ज्यांना दिलं त्यांना आजच सांगा. माजी बहीन मरता मरता वाचली. गोड सुईनं भोपळ्याचा कडूपना आपल्याला कळंनासा केलाय, मलाबी कळला न्हाई. मी जीब लावली म्हनत होते, पन माज्या जिबेला काय कळत नव्हतं. माजी चूक झाली. पाया पडते, पन एकबी भोपळा चुलीवर चढवू नका.”

पाठवलं. फोन ओट्यावर ठेवला.

थोड्या वेळानं पहिला आवाज आला. चिपळूणकडची कुणी तरुण बाई होती, दमलेली, पण प्रेमानं बोलत होती. “काकू, किती घाबरवलंत हो! पण तुम्ही सांगितलं म्हणून आत्ता लगेच परसात जाऊन आले. आमच्या सातही भोपळ्यांना स्वतः जीभ लावून बघितली. एकही कडू नाही. सगळे छान गोड आहेत. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”

मालनबाईंनी फोन गोजराबाईंपुढे धरला.

तेवढ्यात दुसरा आला. “अक्का, आमीबी बगितले. गोड हायती. आजच्या पंगतीला दोन कापलेतबी, काळजी करू नगा.” मग तिसरा. मग लिहिलेले संदेश एकामागून एक वर सरकू लागले, हात जोडलेले, फुलं लावलेले. जीभ लावली, गोड आहे. जीभ लावली, गोड आहे. सासूबाईंनीही लावली, गोडच आहे. आमच्या वाडीत सगळ्यांनी लावली.

“आगं, न्हाई! आगं, तुमच्याबी जिबा मेल्यात!” मालनबाई फोनवर ओरडल्या, पण बोट कुठे दाबायचं हेच त्यांना आठवेना, आणि आवाज नुसता अंगणात गेला. कोंबड्या फडफडत बाजूला झाल्या. त्यांनी पुन्हा बोट दाबलं, पुन्हा बोलल्या, रडत, किंचाळत, प्रत्येकीचं नाव घेत. पण वर सरकणारे संदेश त्याहून भराभर येत होते, आणि त्यांचा आवाज त्या गर्दीत बुडून गेला.

गोजराबाई उठल्या. त्यांनी आणखी एकदा चूळ भरली, ओठ पुसले, पायात चपला सरकवल्या आणि पाण्याची कळशी कमरेवर घेतली. वय वर्षं एकाहत्तर, गुडघे दुखणारे, आणि साऱ्या गावात भोपळ्याचं कडू ओळखणारी मोठ्या माणसाची तेवढी एकच जीभ.

“जवळचं घर कुनाचं?” त्यांनी विचारलं.

“सुताराच्या इंदूचं,” मालनबाई म्हणाल्या.

“आज तिच्यात काय रांधलंय?”

मालनबाईंनी फोनकडे पाहिलं. इंदूचाही संदेश आला होता. त्यांनी तो वाचला आणि अनवाणीच धावत सुटल्या.